घरातला व्यायामाचा पूल: पाण्यापेक्षा हवेकडे जास्त लक्ष का द्यावं लागतं?

गुडघे दुखतात, पाठीचं ऑपरेशन झालंय किंवा वजनामुळे धावता येत नाही, अशा वेळी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट पाण्यातला व्यायाम सुचवतात. छातीपर्यंतच्या पाण्यात उभं राहिलं की शरीराचा बराचसा भार पाणीच उचलतं आणि सांध्यांना आराम मिळतो. पण रोज क्लबच्या तलावापर्यंत जाणं सगळ्यांना जमत नाही. त्यातूनच घरातल्या छोट्या पूलची कल्पना पुढे आली.

हा पूल साधारण चार-साडेचार मीटर लांब असतो. एका टोकाला पंखा किंवा जेट असतात. ते समोरून पाण्याचा प्रवाह सोडतात आणि तुम्ही त्या प्रवाहाविरुद्ध जागच्या जागी पोहता. पाण्यातलं ट्रेडमिलच म्हणा ना! अमेरिका-युरोपात हे पूल बरीच वर्षं वापरात आहेत. आता आपल्याकडेही बंगल्यांत आणि रो-हाऊसमध्ये ते बसवले जातात.

रील्समध्ये दिसतं ते निळंशार पाणी आणि सुंदर दिवे. दिसत नाही ती त्या खोलीतली हवा. ही हवा नीट सांभाळली नाही तर भिंतींना बुरशी येते, दरवाजे फुगतात, लोखंड गंजतं आणि सगळ्यात वाईट म्हणजे डोक्यावर टांगलेल्या वस्तू एक दिवस खाली येऊ शकतात. हे सगळं कसं घडतं आणि कसं टाळायचं, ते पाहूया.

उस्टरमध्ये काय घडलं होतं?

स्वित्झर्लंडमधल्या उस्टर या गावात एक इनडोअर स्विमिंग पूल होता. ९ मे १९८५ रोजी त्याचं काँक्रीटचं टांगतं छत पोहणाऱ्यांवर कोसळलं आणि १२ जणांचा जीव गेला. ही इमारत जुनीपुराणी नव्हती. पूल १९७२ मध्ये सुरू झाला होता, म्हणजे जेमतेम १३ वर्षं झाली होती.

ते छत स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांवर टांगलेलं होतं. स्टेनलेस म्हणजे न गंजणारं, मग धोका कसला, असा सगळ्यांचा समज होता. तपासात कळलं की हवेतल्या क्लोरीनयुक्त घटकांमुळे या सळ्यांना आतून बारीक तडे गेले होते. काही सळ्या तुटल्या, त्यांचा भार शेजारच्या सळ्यांवर आला आणि सगळं छतच खाली आलं.

पुढे २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या टिलबर्ग शहरात एका पूलवर टांगलेले स्पीकर खाली पडले आणि एका तान्ह्या बाळाचा मृत्यू झाला. तिथेही स्टेनलेस स्टीलचाच आधार निकामी झाला होता. त्यानंतर त्या देशात इनडोअर पूलमधल्या अशा स्टीलची तपासणी सक्तीची करण्यात आली.

हे दोन्ही सार्वजनिक पूल होते. पण तिथल्या हवेत जे रसायन काम करत होतं, तेच तुमच्या घरातल्या पूलच्या खोलीतही असतं.

न गंजणारं स्टील तुटतं कसं?

स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. हाच थर त्याला गंजापासून वाचवतो. पूलमधल्या क्लोरीनची घामाशी आणि लघवीतल्या युरियाशी प्रक्रिया होऊन क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात. ती हवेत मिसळतात आणि वर जाऊन धातूवर बसतात. तिथे ओल येते, वाळते, पुन्हा येते. प्रत्येक वेळी क्लोराइडचं प्रमाण वाढत जातं आणि शेवटी तो संरक्षक थर फुटतो.

त्यातच सळईवर सतत ताण असेल, तर तड्याला आत शिरायला वाट मिळते. याला ताण-क्षरण म्हणतात. यात धातू झिजून पातळ होत नाही, पापुद्रेही सुटत नाहीत. वरून फार तर चहाच्या डागासारखा तपकिरी ठिपका दिसतो. आत मात्र झाडाच्या मुळांसारखे तडे पसरलेले असतात.

गंमत बघा, पाण्यात बुडालेली शिडी किंवा रोज ओला होणारा कठडा त्या मानाने सुरक्षित असतो. कारण त्यावरचं क्लोराइड सतत धुतलं जातं. धोका असतो तो फॉल्स सीलिंगच्या वर लपलेल्या, कधीच न पुसल्या जाणाऱ्या बोल्टला.

म्हणूनच कंत्राटदार 'सगळं ३०४ चं आहे' किंवा 'भारीतलं ३१६ वापरलंय' असं म्हणाला तरी तेवढ्यावर समाधान मानू नका. कठड्याला, शिडीला ३१६ ठीक आहे. पण पूलच्या वर भार पेलणाऱ्या आणि नियमित धुता न येणाऱ्या भागांसाठी युरोपीय मानकांमध्ये या दोन्ही प्रतींना जागा नाही. तिथे १.४५२९, १.४५४७ आणि १.४५६५ अशा क्रमांकांची, मॉलिब्डेनमचं प्रमाण जास्त असलेली खास स्टील सांगितली आहेत. घरासाठी त्याहून सोपा उपाय म्हणजे पाण्याच्या वर काहीच टांगायचं नाही. फॉल्स सीलिंग नको, झुंबर नको, स्पीकर नको, पंखाही नको. स्लॅबच्या खालच्या बाजूला ओल रोखणारा इपॉक्सी रंग द्या आणि दिवे भिंतीवर लावा.

पूलमधून रोज किती पाणी हवेत जातं?

४.५ मीटर लांब, २.३ मीटर रुंद आणि १.३ मीटर खोल पाणी असलेला पूल धरा. त्यात सुमारे १३,४०० लिटर पाणी मावतं. पाणी २९ अंश सेल्सिअस, खोलीची हवा ३० अंश आणि आर्द्रता ५५ टक्के असेल, तर अभियंते वापरतात त्या सूत्रानुसार शांत पाण्यातून तासाला साधारण सव्वा लिटर पाण्याची वाफ होते. म्हणजे दिवसाला जवळपास ३० लिटर, दीड बादली. जेट सुरू करून कुणी पोहत असेल, तर त्या वेळात हे प्रमाण दुप्पट किंवा त्याहून जास्त होतं.

हे पाणी गायब होत नाही. ते भिंतीत, लाकडात, शेजारच्या बेडरूममधल्या कपाटात जाऊन बसतं. शिवाय एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता खर्च होते. म्हणजे ३० लिटरमागे रोज २० युनिट. पूल गरम ठेवण्याच्या खर्चातला मोठा वाटा या वाफेचाच असतो.

म्हणून पहिला आणि सर्वात स्वस्त उपाय म्हणजे झाकण. वापर नसताना पूल झाकून ठेवला तर बाष्पीभवन जवळजवळ थांबतं. झाकणामुळे पूल गरम ठेवण्याच्या खर्चात ५० ते ७० टक्के बचत होऊ शकते, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं. मात्र झाकण एकट्याला सहज ओढता आलं पाहिजे. जड झाकण आठ दिवसांत कोपऱ्यात जाऊन पडतं.

काचेला घाम का येतो?

हवा जितकी गरम, तितकी जास्त वाफ ती धरून ठेवते. ३० अंशांची हवा घनमीटरमागे जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ धरते, तर २० अंशांची हवा १७ ग्रॅम. गरम, दमट हवा थंड वस्तूला लागली की जास्तीची वाफ पाणी होऊन त्या वस्तूवर जमते. ज्या तापमानाला हे सुरू होतं त्याला दवबिंदू म्हणतात.

खोलीत ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू साधारण २१ अंश असतो. म्हणजे खोलीतली २१ अंशांपेक्षा थंड असलेली प्रत्येक वस्तू ओली होणार. आर्द्रता ५० टक्क्यांवर आणली तर दवबिंदू १८ अंशांच्या आसपास येतो.

पुण्यातली डिसेंबरची पहाट घ्या. बाहेर १२ अंश आहे. खिडकीला एकेरी काच असेल, तर तिची आतली बाजू साधारण १७ अंशांवर येते. त्यावरून पाण्याचे ओघळ येणारच. दुहेरी काच असेल, तर आतली बाजू २३-२४ अंशांवर राहते आणि काच कोरडी राहते. न्यू जर्सी किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी मंडळींना ही अडचण कित्येक पट मोठी होऊन भेटते. तिथे दुहेरी किंवा तिहेरी काच हवीच आणि कोरडी, गरम हवा थेट काचेवर सोडावी लागते.

खिडकी उघडली की झालं, नाही का?

आपल्याकडे हा सल्ला हमखास मिळतो. हिवाळ्यात तो चालतो, कारण बाहेरची थंड हवा कोरडी असते. अर्थात तिच्यासोबत पूलची उष्णताही बाहेर जाते. पण पावसाळ्यात?

मुंबईत जुलैमध्ये बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता ही रोजची गोष्ट. त्या हवेत घनमीटरमागे सुमारे २३ ग्रॅम वाफ असते. तुम्हाला खोलीत हवी असते ३० अंशांची आणि ५५ टक्क्यांची हवा, म्हणजे १६-१७ ग्रॅम. खिडकी उघडली की ओल बाहेर जाण्याऐवजी आत येते. एक्झॉस्ट पंख्याचंही तेच. तो एक दमट हवा बाहेर टाकतो आणि दुसरी दमट हवा आत ओढतो. त्यामुळे कोकण, मुंबई, गोवा इथे पावसाळ्याचे चार महिने केवळ खिडकी आणि पंख्यावर काम भागत नाही.

साधा स्प्लिट एसीही यावर उत्तर नाही. तो हवा थंड करतो. हवा पाण्यापेक्षा थंड झाली की पाण्यातून वाफ आणखी जोरात निघते आणि ओल्या अंगाला हुडहुडी भरते. शिवाय क्लोरीनयुक्त हवेमुळे त्याची कॉइल लवकर खराब होते.

इथे पूलसाठी बनवलेला डीह्युमिडिफायर लागतो. तो हवेतली वाफ थंड कॉइलवर पाणी करून काढतो आणि त्यातून मिळालेली उष्णता पुन्हा हवेला किंवा पूलच्या पाण्याला देतो. त्याच्या कॉइलवर गंजरोधक लेप असतो. खरेदी करताना विक्रेत्याला 'किती टनाचा' असं विचारू नका. 'खोली ३० अंशांवर आणि ५५ टक्क्यांवर असताना तासाला किती लिटर पाणी काढतो' हे विचारा. तो आकडा पोहण्याच्या वेळच्या बाष्पीभवनापेक्षा जास्त हवा. आपल्या उदाहरणातल्या पूलसाठी तासाला तीन लिटर ही किमान अपेक्षा धरा. पावसाळ्यात बाहेरून येणाऱ्या ताज्या हवेची ओल त्यात वेगळी मोजायला लावा.

लक्ष्य सोपं ठेवा: खोलीची हवा पाण्यापेक्षा १ ते २ अंशांनी गरम आणि आर्द्रता ५० ते ६० टक्के.

बसवण्याआधी काय काय पाहायचं?

*वजन.* १.३ मीटर खोल पाण्याचा भार चौरस मीटरला १,३०० किलो होतो. घरांच्या मजल्यांची रचना भारतीय मानकानुसार चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापरभार धरून केलेली असते. म्हणजे हा भार सहापटीहून जास्त आहे. वरच्या मजल्यावर किंवा गच्चीवर पूल ठेवायचा विचार असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी हिशोबाशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका. तळमजल्यावर, जमिनीवर टाकलेल्या आरसीसी तळावर पूल बसवणं सर्वात सुरक्षित.

*जागा.* चारही बाजूंनी माणूस शिरेल एवढी वाट ठेवा. पूल खड्ड्यात उतरवला असेल, तर खड्ड्याच्या तळाला पाणी काढून टाकणारा पंप हवाच. पाइप कधी ना कधी गळतो. त्या दिवशी दुरुस्तीला माणूस खाली उतरू शकला पाहिजे.

*बाष्परोधक थर.* लोक चुकतात ते इथेच. वॉटरप्रूफिंग म्हणजे वाफ अडवणं नव्हे. वाफ टाइलच्या सांध्यांतून, प्लास्टरमधून भिंतीच्या आत जाते आणि जिथे थंडावा मिळेल तिथे पाणी होते. त्यामुळे भिंती आणि छत यांच्या पूलकडच्या बाजूला, म्हणजे उष्णतारोधक थराच्याही आतल्या अंगाला, सलग बाष्परोधक थर लागतो. त्याचे सांधे चिकटपट्टीने पूर्ण बंद करायचे. स्विचबोर्डसाठी मारलेलं एक भोकही चालत नाही. हे काम फरशी बसण्याआधीच होतं. नंतर करायचं तर भिंत फोडावी लागते.

*दार आणि हवेचा दाब.* पूलच्या खोलीतून बाहेर जाणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त ठेवा. मग दार उघडल्यावर घरातली हवा पूलकडे जाते, पूलची हवा घरात येत नाही. दाराला रबरी पट्टी लावा. लाकडी चौकटीऐवजी यूपीव्हीसी किंवा पावडर कोटिंग केलेलं ॲल्युमिनियम वापरा.

*वीज.* स्विच आणि सॉकेट पूलच्या काठापासून किमान २ मीटर लांब, शक्यतो खोलीबाहेरच ठेवा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग यात तडजोड नको. खोलीतले सगळे धातूचे भाग एकमेकांना जोडून अर्थ करून घ्या.

*जीआय आणि जिप्सम टाळा.* जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे, तारा आणि चॅनल या हवेत टिकत नाहीत. जिप्सम बोर्डाचा कागद म्हणजे बुरशीचं आवडतं खाद्य. नेमक्या याच दोन गोष्टींनी आपल्याकडची बहुतेक फॉल्स सीलिंग बनतात.

क्लोरीनचा वास येतो म्हणजे पाणी स्वच्छ?

उलट आहे. पूलवर येणारा तो झोंबरा वास शुद्ध क्लोरीनचा नसतो, क्लोरामाइनचा असतो. म्हणजे क्लोरीनला पाण्यात घाम आणि घाण जास्त भेटली आहे. हाच वास डोळे चुरचुरवतो, खोकला आणतो आणि हाच धातूही खातो.

त्यामुळे गंज रोखण्याची सुरुवात बाथरूमपासून होते. पूलमध्ये उतरण्याआधी साबणाने अंघोळ करा, तेल लावून उतरू नका. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६ आणि मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम ठेवा. चाचणीच्या पट्ट्या सहज मिळतात. जास्त मात्रेत क्लोरीन टाकाल तेव्हा झाकण काढून हवा खेळती ठेवा, म्हणजे सुटणारे वायू बाहेर जातील.

आणि एक अगदी महत्त्वाचं: पीएच कमी करायचं ॲसिड पंपाच्या खोलीत ठेवू नका. बंद बाटलीतूनही त्याची वाफ निसटते आणि आजूबाजूचं सगळं लोखंड काही महिन्यांत लाल होतं. ॲसिड आणि क्लोरीन शेजारी ठेवणं तर जिवावर बेतू शकतं. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

'मिठाचा पूल घेतला की क्लोरीन नको' असंही सांगितलं जातं. तसं नाही. त्यातलं यंत्र मिठापासूनच क्लोरीन बनवतं. हाताळणी सोपी होते हे खरं, पण गंजाचा धोका जात नाही.

महिन्यातून एकदा काय तपासायचं?

- आर्द्रता मापक रोज बघा. काही शे रुपयांत मिळतो. ६० टक्क्यांच्या वर सतत काटा राहत असेल, तर कारण शोधा.
- सकाळी काचा, खिडकीच्या चौकटी आणि छताचे कोपरे हाताने तपासा. ओल लागते का?
- दाराच्या बिजागऱ्या, स्क्रू, दिव्यांची कडी यांवर तपकिरी डाग आहेत का?
- पूलच्या पलीकडच्या खोलीतल्या भिंतीवर रंगाचे फुगे किंवा कुबट वास येतो का?
- कठडे आणि शिडीचा वरचा भाग साध्या पाण्याने धुऊन, पुसून कोरडा करा.
- डीह्युमिडिफायरची जाळी साफ करा आणि त्याची पाण्याची नळी तुंबलेली नाही ना ते बघा.

डाग दिसला तर त्यावर रंग मारून मोकळं होऊ नका. कठड्यावरचा डाग पुसता येतो. डोक्यावरच्या बोल्टवरचा किंवा सळईवरचा डाग मात्र धोक्याची सूचना समजा. त्याखालची जागा वापरणं थांबवा, वस्तू उतरवून घ्या आणि इंजिनिअरला दाखवा.

थोडक्यात, पैसे आधी कुठे घालायचे?

बजेट मर्यादित असेल तर क्रम असा ठेवा: आधी तळाची मजबुती आणि वीज सुरक्षा, मग बाष्परोधक थर, मग झाकण, मग डीह्युमिडिफायर आणि सगळ्यात शेवटी रंगीत दिवे व टाइल्स. दिवे पुढच्या वर्षीही लावता येतात. भिंतीच्या आतला थर नंतर घालता येत नाही. एवढ्यात बसत नसेल, तर पूल अंगणात, वर नुसतं छप्पर टाकून चारही बाजूंनी मोकळा ठेवा. महाराष्ट्राच्या हवेत बहुतेक ठिकाणी हा पर्याय उत्तम चालतो आणि आर्द्रतेची निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

घरी पूल बसवायचा नसला तरी ही माहिती उपयोगाची आहे. तुमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, हॉटेलात किंवा मुलांच्या पोहण्याच्या क्लासमध्ये बंदिस्त पूल असेल, तर पुढच्या वेळी एकदा वर बघा. छत कशावर टांगलंय आणि त्या सळ्या शेवटच्या कधी तपासल्या, हे व्यवस्थापनाला विचारा. आणि ज्यांच्याकडे असा पूल आहे, त्यांच्यापर्यंत हा लेख जरूर पोहोचवा.